आठवड्याला एकच बोट

सहलीला कोण कोण जाणार हे ठरलं, तेव्हाच तिनं आपला हिशोब मांडून टाकला. नवरा, सासूबाई आणि लेक जाणार. ती घरी राहणार. म्हणजे पलंगाच्या मधोमध झोपायचं. भूक लागली तर खायचं, नाही तर गॅसकडे ढुंकूनही बघायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, "अगं, माझा चष्मा कुठंय" याला उत्तर द्यायचं नाही. लग्न झाल्यापासून एवढी मिळकत एकरकमी कधी झाली नव्हती.

ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला होती. दिवसभर मेण, प्लॅस्टर आणि परक्यांचे जबडे, संध्याकाळी घरचे. सासूबाईंची कवळीही तिच्याच हातची. सासूबाई तिला खाऊ की गिळू करायच्या, तेही तिच्याच दातांनी. रजा मिळत नाही, साहेब फार कडक आहेत, असं तिनं घरी सांगून ठेवलं होतं. साहेबांना तिनं विचारलंच नव्हतं.

प्रश्न उरला होता बेटाचा.

जेवणं झाली, टेबल पुसून झालं की त्यावर रोज दोन बेटं मांडली जायची. मोठ्या बेटावर थेट विमान उतरायचं. तिथं हॉटेल, सकाळी आयता नाश्ता, पोहायचा तलाव, खोलीत फोन. छोट्या बेटावर नारळाची झाडं, प्रवाळ, झापांच्या चार झोपड्या, आणि स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा. मोबाइलला रेंज नाही. बोट आठवड्याला एकच.

तिनं छोट्या बेटाची बाजू लावून धरली. मागच्या सहलीला हीच मंडळी गादी टोचते म्हणून तिसऱ्या दिवशी दारात हजर झाली होती, तीही धुण्याच्या पिशव्यांसकट. मोठ्या बेटावरून रोज विमान सुटत होतं. बोटीचं तसं नव्हतं.

लेकीला तिनं प्रवाळाचे फोटो दाखवले. मैत्रिणी जळून खाक होतील एवढं ऐकल्यावर लेकीनं पुढचं काही विचारलं नाही. सासूबाईंना गरम वाळूत गुडघे पुरून बसण्याचे फायदे सांगितले. रांधणार कोण, असं त्यांनी विचारलंच. त्यावर तिनं नातीकडे बोट दाखवलं. तेव्हा सासूबाईंनी नातीकडे आणि नातीनं छताकडे बघितलं.

धास्ती होती ती नवऱ्याची. तो वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसायचा. दिवसभर सगळ्या शहराची गाऱ्हाणी ऐकून घरी यायचा, बूट काढायचा आणि लांबलचक उसासा टाकायचा. तेवढाच काय तो त्याचा दिवसभरातला स्वतःचा आवाज. असल्या दमलेल्या माणसाला आयता नाश्ताच हवा असणार. त्याला कसं वळवायचं याची तिनं दोन दिवस मनातल्या मनात जुळवाजुळव केली.

ती वायाच गेली.

"छोटंच बरं," तो जांभई देत म्हणाला. "गर्दी नको."

"अरे, पण मला तिथं करमलं नाही तर?" सासूबाई म्हणाल्या.

"बोट येईपर्यंत करमवून घ्यायचं, आई."

हसू लपवायला ती पाणी आणायच्या निमित्तानं उठली. इतक्या वर्षांत दोघांचं एका दमात एकमत झालेलं तिला आठवत नव्हतं. माठाशी उभी असताना तिला त्याची थोडी दयाही आली. भोळा बिचारा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती तिघांच्या बॅगा भरत होती. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "माझे कपडे काढ त्यातून. तुझे भर."

तिला काही कळेना. मग त्यानं सगळ्यांना बोलावून रीतसर सांगितलं. परवा तो सहज तिच्या साहेबांना भेटायला गेला होता. तिनं रजा मागितलीच नव्हती, हे त्याला तिथं समजलं. का नसेल मागितली? चौथ्या तिकिटाचा खर्च नको म्हणून. घरच्यांनी मजा करावी, आपण राबावं म्हणून. हे कळल्यावर त्याला चैन पडेना. शेवटी त्यानं आपली जागा तिच्या नावावर करून घेतली. तिची रजाही मंजूर झाली होती.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं या पोरीला ओळखलंच नाही, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. लेक गळ्यात पडली आणि आता चूल पेटवायची भीती नाही म्हणाली.

खरं सांगायची सोय नव्हती. आणि हे खोटं इतकं चांगलं होतं, की तेही नाकारता येईना.

"तुमच्या जेवणाचे हाल होतील," ती कशीबशी म्हणाली.

"होऊ देत," तो म्हणाला. "तू माझी काळजी करू नकोस."

सकाळी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली तेव्हा तिला एकच आशा उरली होती. स्वयंपाकघरात जाऊन तिनं साहेबांना फोन लावला. हळू आवाजात म्हणाली, "कामं तुंबली असतील तर सांगा, साहेब. मी थांबते. घरचे समजून घेतील."

"अहो, बिनधास्त जा," साहेब म्हणाले. "बदली बाई कधीच बघून ठेवलीय. तुमचे मिस्टर गेल्या महिन्यातच येऊन सांगून गेलेत. तुम्हाला मात्र बोलू नका म्हणाले."

गेल्या महिन्यात टेबलावर अजून दोन्ही बेटं होती.

खाली नवऱ्यानं तिची बॅग स्वतः डिकीत ठेवली, तिच्यासाठी दार उघडून धरलं आणि टॅक्सीचं भाडं आधीच देऊन टाकलं. बाकीची सगळी किंमत तिनं भरली.