क्लच वायरच्या टोपल्या

पोत्यात हात घातला तशी रोशनीच्या बोटाले तार टोचली. तिनं पोतं उपडं केलं. डोमाच्या घरासमोरच्या सपरीत भसकन् ढीग पडला. सगळ्या क्लच वायरी. मोटारसायकलच्या, जुन्या, वेटोळे करून बांधलेल्या.

"हे काय होय, डोमाभाऊ?"

"टोपल्या करून राह्यलो, मॅडम," डोमा म्हणे.

टोपल्या! आता आलापल्लीच्या बाजूच्या जंगलात क्लच वायर म्हणजे काय, हे शाळेतल्या पोट्ट्यालेबी माहीत. क्लच वायर म्हणजे फासा. झाडाले बांधाचा, जनावराच्या वाटेवर सोडाचा. डुक्कर अडकते, नाई तं चितळ. अन् वाघबी अडकते. रोशनीच्या बीटमध्ये सध्या एक वाघीण फिरून राह्यली होती, दोन पिल्लं घेऊन. रोशनीले फॉरेस्ट गार्डची नोकरी लागून आठच महिने झाले होते. गेल्या हप्त्यात तिले एक चितळ फाशात मेलेलं भेटलं. तवापासून तिच्या डोक्यात एकच. वाघिणीचा पाय पडाच्या आधी फासे लावणारा सापडला पाह्यजे. अन् आज सकाळी कोणीतरी फोन केला, डोमाच्या घरी पाहा म्हणे.

डोमानं आतून टोपल्या आणल्या. पाच. खरंच टोपल्या होत्या बाप्पा! तारेत तार गुंफलेली, बुरडाच्या बांबूच्या टोपलीसारखी वीण, काठाले जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. पह्यली तं अशी वाकडी, जणू बैलानं पाय देल्ला. पाचवी मात्र कोणी इकत घेईन अशी होती.

"शनिवारी गडचिरोलीले बचत गटाची प्रदर्शनी हाय," डोमाची बायको कमळा म्हणे. "टाकाऊतून काईतरी करा म्हणे. मी चिंध्यांच्या पिशव्या शिवून राह्यली होती. तं हे म्हणते, मीबी करतो. पह्यली टोपली कोंबडीसाठी ठेवली, तं कोंबडी दोन दिवस घरातच नाई आली."

रोशनी हासली नाई. असा शौक बुढ्याले अचानक लागत नसते. टोपल्या दाखवाले अन् पोतं कामाले, असं तिले वाटलं.

"वायरी कुठून आणल्या?"

"इकडून तिकडून."

"इकडून म्हणजे?"

डोमा टोपलीच्या काठाची चिंधी नीट कराले लागला.

तिनं तिथूनच विक्कीले फोन लावला. विक्कीचं आलापल्लीले गॅरेज. विक्की म्हणे, "डोमाभाऊ? नेल्या होत्या न पोतंभर, दोन साल झाले. वावराच्या कुंपणाले पाह्यजे म्हणे. मंग फिरकलाच नाई."

दोन साल! रोशनीनं एक वायर उचलली, नाकाले लावली. गॅरेजातल्या वायरीले ग्रीस असते. हिले मातीचा वास होता. गंजली होती. टोकाले फाशाची गाठ, अजून तशीच. अन् गाठीत एक राठ, काळा केस. डुकराचा. म्हणजे ही वायर जंगलात राहून आली होती.

"कमळाबाई, हे जंगलात जाते का?"

"रोज! पहाटेच निघते," कमळा फणकारली. "ना मोहाचा सीजन, ना तेंदूचा. इचारलं तं सांगत नाई. पाय पाहा त्याईचे, कसे ओरबाडले. मले तं वाटे, ह्या वयात दुसरी ठेवली का काय!"

अन् मंग तिच्या ध्यानात आलं, आपुन कोणासमोर काय बोलून बसलो. तिनं तोंडाले पदर लावला.

पक्कं झालं.  रोशनीनं पाचही टोपल्या पोत्यात कोंबल्या, जप्तीच्या मालात. कमळा मांगून नुसती "शनिवार, मॅडम, शनिवार" करत राह्यली. रोशनीनं साहेबाचा नंबर काढला. पण लावाच्या आधी तिले डोमाच्या तोंडून ऐकाचं होतं.

"फासे तुमीच लावले न?"

"हो. मीच लावले."

एवढं सरळ. ना रडला, ना पाया पडला. कमळा होती तिथंच खाली बसली.

"मागच्या साली एकात अस्वलाचं पिल्लू सापडलं," डोमा म्हणे. "त्याची माय तीन दिवस तिथून हालली नाई. मी झाडावर बसून पाह्यलं. तवापासून एकबी नाई लावला."

"खोटं! मंग रोज पहाटे काऊन जाता?"

"काढाले."

रोशनीचं बोट फोनवर तसंच राह्यलं.

"काढून फेकल्या असत्या तं कोणी उचलून पुन्हा लावल्या असत्या," डोमा म्हणे. "म्हणून गुंफून टाकतो. टोपलीचा फासा होत नाई."

तो उठला. खुंटीवरचा पंचा घेतला, खांद्यावर टाकला.

"एकेचाळीस लावले होते, मॅडम. तुमाले भेटलेल्या चितळाचा धरून पस्तीस निघाले. सहांच्या जागा मले आठवूनच नाई राह्यल्या. जेलात मंग टाका, आधी संग चला."