सुगंधाबाईचं तोंड

फोटोच्या दोन काचा वाया गेल्या आणि गुंडेराव फोटोग्राफर घामाघूम झाला. समोर खुर्चीत खजुरी गावची सुगंधाबाई बसलेली, आणि तिची मान आपली हलतेय, हलतेय. म्हातारपणाचा कंप तो. मानेमागं लोखंडी टेकू लावून झाला, उशी लावून झाली, पण मान काही ऐकेना.

एरवी त्यानं हात जोडून तिला आणि तिच्या नवऱ्याला वाटेला लावलं असतं. पण गुलबर्ग्याच्या जत्रेत एका तंबूवाल्यानं या नवराबायकोचा फोटो काढला, तिथं घोळ झाला होता. नवरा काशाप्पा मिशांसकट उमटला आणि शेजारी लुगड्याच्या वर नुसता धुरकट गोळा. ज्याचं तोंड फोटूत उतरत न्हाई त्याचं काय खरं न्हाई, असं गावानं ठरवूनच टाकलं. म्हातारीनं हाय खाल्ली. घोंगड्याची लोकर तशीच टाकून ती भिंतीकडं तोंड करून निजायला लागली. शेवटी काशाप्पानं तिला गाडीत घालून गुंडेरावाच्या स्टुडिओत आणलं.

"तोंड सारंच आलं पायजे, राव," तो सकाळपासून एवढंच सांगत होता. "अर्ध्या तोंडावर गाव ऐकायचं न्हाई."

आणि तीच तर पंचाईत होती. श्रावणाचं आभाळ भरलेलं, छताच्या काचेतून राखेसारखा उजेड. त्यात एक गाल यायचा, दुसरा अंधारात बुडायचा. म्हणून गुंडेरावानं मनात कधीचा घोळत असलेला खेळ मांडला होता: एका अंगानं दिवसाचा उजेड, दुसऱ्या अंगानं ग्यासबत्ती. पण बत्तीचा पिवळा उजेड कॅमेऱ्यातल्या काचेला फार कमी दिसतो. भिंगावरचं टोपण बराच वेळ काढून ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात मान कुठच्या कुठं जायची.

बत्ती मंदावली म्हणून तो पंप मारायला वळला. काशाप्पाला रिकामं उभं राहवेना. त्यानं कमरेची टकळी काढली, मुठीतली लोकर सोडली आणि सूत काढायला लागला. जिवाला घोर लागलेला, सूत तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. सुगंधाबाई बघत होती. तिला ते सोसलं नाही.

"द्या हिकडं," ती म्हणाली आणि टकळी हिसकावूनच घेतली.

बऱ्याच दिवसांनी तिच्या बोटांना लोकर लागली. टकळी गरगर फिरायला लागली, सूत सरसर उतरायला लागलं, आणि त्या सुतावर नजर बसली तशी मान जागच्या जागी थांबली.

गुंडेराव बत्तीकडून वळला. आल्या-गेल्याला "हलू नका" म्हणून दरडावणारा माणूस, आज पाय न वाजवता कॅमेऱ्याजवळ आला. काशाप्पा काहीतरी बोलणार, तोच गुंडेरावानं ओठावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं अलगद टोपण काढलं. बत्ती फुरफुरत होती. काशाप्पानं श्वास कोंडून धरला. सूत संपत आलं तेव्हाच टोपण परत बसलं.

दुपारी ऊन पडलं, त्या उन्हात काचेवरून कागदावर फोटो छापला, आणि गुंडेराव ओलाच फोटो नाचवत बाहेर आला.

तोंड आलं होतं. सारं आलं होतं. एका गालावर आभाळाचा उजेड, दुसऱ्यावर बत्तीचा, मधे नथीचा मोती. काशाप्पा फोटोकडं बघायचा, मग बायकोकडं, मग पुन्हा फोटोकडं, आणि मिशीआडून हसू काही आवरेना त्याला.

सुगंधाबाईनं फोटोतल्या आपल्या नाकावर हळूच बोट ठेवलं. मग बोट खाली सरकलं. हात होते, सुताची रेघ होती. पण सुताच्या टोकाला टकळीच नव्हती. फिरता फिरता ती विरघळून गेली होती, नुसता धुरकट गोळा.

म्हातारीला हसू फुटलं. हसता हसता मान डुलायला लागली, नथ डुलायला लागली.

"मी हाय की जागच्या जागी," ती नवऱ्याला म्हणाली. "आता टकळीचं काय खरं न्हाई."