डावी कळी

गावात कौल लावायचा तो तातू गुरवांनीच. देवाच्या दगडी छातीवर पाण्याने दोन कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

भागीरथीकाकू दर वर्षी यायच्या. "बोटीवर गेलेला मुलगा परत येईल ना, एवढंच विचारा." पहिल्या वर्षी डावी पडली आणि काकू उंबऱ्यावरच कोसळल्या. त्यानंतर सोळा वर्षं तातूंनी डावी कळी गुपचूप गंधात बुडवून घट्ट लावली. काकू हसत घरी जायच्या, मुलासाठी फणसपोळी वाळत घालायच्या.

यंदा तातूंची बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी दोन्ही कळ्या नुसत्या पाण्याने लावल्या. खरं काय ते ऐकायचं होतं. उजवी पडली. ते धावतच घरी गेले.

"देव हो म्हणाला गं."

ती उठून बसली, पोटभर पेज प्यायली. आठ दिवस लग्नातल्या गमती आठवून हसत राहिली. नवव्या सकाळी गेली.

"देवाने फसवलं तुम्हाला," तातूंचा मुलगा चिडून म्हणाला.

तातूंना काकूंचं हसू आठवलं.

"फसवलं नाही रे. इतकी वर्षं माझे हात बघत होता तो."