वायरची गाडी

"म्हंजे हिला घरी आणून वायर लावायलाच लागती?" सयाजीरावांनी साताऱ्याच्या शोरूममध्ये तिसऱ्यांदा विचारलं.

विक्रेत्यानं पुन्हा समजावलं. प्लग-इन हायब्रिड चार्ज केली की साठेक किलोमीटर नुसत्या बॅटरीवर जाते. नाही केली तरी पेट्रोलवर चालतेच, पण मग ती घ्यायची कशाला? साध्या हायब्रिडला वायरच नाही. ती धावता धावता आपली बॅटरी भरून घेते.

ऋषिराजला साधीच हवी होती. सयाजीरावांचा हा एकुलता मुलगा इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात इंजिनियर. बायको पूजा आणि लेकीसह तिथंच तिसऱ्या मजल्यावर राहायचा. खाली गाडीला वायर लावायची सोय नव्हती. ती सोय रहिमतपूरला, आबांच्या म्हणजे सयाजीरावांच्या रिकाम्या गोठ्यात सहज होणार होती. ऋषिराजची आई अंजनाबाई गेल्यापासून आबा तिथं एकटेच होते. करमत नाही, हे निवृत्त सुभेदाराच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"वायरचीच घे," आबा म्हणाले. "पेट्रोल वाचंल."

ऋषिराजनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. "चालंल," म्हणाला.

मग तो चार्जिंगसाठी म्हणून दिवसाआड रहिमतपूरला येऊ लागला. "गाडी लावून येतो, आबा," म्हणत मागं गोठ्याकडं जायचा, येऊन जेवायचा, सकाळी लवकर निघायचा. आबांचे गुडघे गेलेले, ते ओट्यावरच बसून असायचे. म्हातारा मनातून भलताच खूश होता, आणि आपल्या लबाडीची त्याला लाजही वाटायची.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि एका संध्याकाळी मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीला गाडी घासली. ऋषिराज थोडक्यात वाचला. पूजानं आबांकडं फोनवर तक्रार केली नाही. लेक बाबाची वाट बघत झोपते, एवढंच बोलली.

"बदल ती गाडी," पुढच्या खेपेला आबा म्हणाले. "बिनवायरची घे. मला घर खायला उठतंय, म्हणून तुला दावं लावलं मी. चुकलं माझं."

ऋषिराजनं भाकरीचा तुकडा मोडला. "बघू, आबा."

आबांनी मात्र दुसऱ्याच दिवशी शोरूमला फोन लावला. गाडी बदलायची तर चार्जिंगची केबलही सोबत आणा, असं तिकडून सांगितलं. काठी टेकत, दोनदा थांबत, आबा वर्षभरात पहिल्यांदाच गोठ्यात गेले.

केबल खुंटीला टांगलेली होती. कंपनीच्या पिशवीत, वरचं सील न फोडलेली.