मिस्त्रींना ऐकू येतं का

"काहीच नाही, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्यांना तीनदा सांगून झालं. मेंदूत साधी चुळबूळसुद्धा नाही."

काचेपलीकडे त्या भल्यामोठ्या मशीनच्या पोटात मिस्त्री आडवा पडला होता. ट्रकची चाकं बसवणारा गडी. गॅरेजात जॅक सटकला, डोक्याला मार बसला. तेव्हापासून अकरा महिने डोळे उघडे, पण आत कोणी आहे की नाही ह्याचा पत्ता नाही.

आज त्याचा निकाल होता. आत माणूस जागा आहे असं मशीनवर दिसलं, तर उपचार चालू. नाही दिसलं, तर मागच्या वॉर्डात रवानगी. तिथं नळीनं भरवायचं, कूस बदलायची, खेळ खलास.

"सांगितलं काय तुम्ही ह्यांना?" मिस्त्रीणबाईनं विचारलं.

"माइकवरून सांगतो, टेनिस खेळताय असं मनात आणा. मनातल्या मनात उजवा हात फिरवा. माणूस शुद्धीत असला तर हात हलवणारा मेंदूतला भाग कामाला लागतो. पडद्यावर तो लाल दिसतो. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो."

"टेनिस?" मिस्त्रीणबाई खुर्चीवरून उठलीच. "अहो, ह्यांनी जन्मात रॅकेट धरली ती डास मारायची!"

मशीन चालवणारा फिस्सकन हसला. डॉक्टरीणबाई नाही हसली.

"ताई, तुमचं मन मला कळतं, पण..."

"मन राहू द्या बाजूला. माणसाला जे येतं ते विचारा. उद्या मला विमान चालव म्हणाल, आणि नाही चालवलं तर म्हणाल, मेली!"

अशीच होती ती. दिवसभर शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवायच्या, सुटली की तडक इस्पितळ. दीर म्हणाला, वहिनी, सोडा आता नाद. तिची आई म्हणाली, अगं निघून ये, कोणी नावं ठेवणार नाही.

"असा माणूस पडलेला असताना?" ती आईवर कडाडली. "नाही जमायचं मला. ह्यांना सगळं कळतंय, हे आधी ह्या लोकांकडून वदवून घेते. पुढचं पुढं."

मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी नऊ वेळा ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे आजची तपासणी पदरात पडली.

एकच गोष्ट वॉर्डातल्या नर्सला खटकायची. बाई पलंगाशी बसायची, नवऱ्याची दाढी करायची, नखं कापायची, पण त्याच्याशी चकार शब्द बोलायची नाही. "बोला हो जरा," नर्स म्हणायची. "ऐकतात हे कळू दे आधी," ही म्हणायची. "भिंतीशी कोण डोकं फोडणार?"

कोपऱ्यात सासूबाई डोळे पुसत बसल्या होत्या. "सून नाही हो, वाघीण आहे माझी," त्या डॉक्टरीणबाईला म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईनं घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं उरलीत. बोला, काय सांगू त्यांना?"

"नट आवळायला सांगा. ट्रकच्या मागच्या चाकाचे, लांब पाना घेऊन. उजव्या हाताला जोर किती आहे ते मला विचारा."

सांगितलं. आवळा. अर्धा मिनिट. थांबा. अर्धा मिनिट. परत आवळा. पडदा आपला राखाडीचा राखाडी.

"मॅडम," मशीनवाला हळूच म्हणाला.

मेंदूच्या डाव्या बाजूला, उजवा हात हलवणाऱ्या भागात, एक लाल ठिपका उगवला होता. थांबा म्हटलं की विझायचा, आवळा म्हटलं की पेटायचा. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

सासूबाईंना रडूच फुटलं. डॉक्टरीणबाई मिस्त्रीणबाईकडे वळली. "आत आहेत हो ते. ऐकतायत. सगळं समजतंय त्यांना."

"आणि उपचार?"

"चालू राहणार. आत्ता लिहून देते. जिंकलात तुम्ही, ताई. बोला आता त्यांच्याशी, किती दिवस दम धरलात! 'हो' म्हणायचं असेल तर नट आवळा, एवढं सांगा."

मिस्त्रीणबाईनं माइक पुढ्यात ओढला.

"ऐकतोयस ना? तुझे उपचार मिळवून दिलेत. बघायला आई आहे, भाऊ आहे. पंधरा वर्षं तुझ्या हातचा मार खाल्ला, आणि ज्या दिवशी बॅग भरली त्याच दिवशी तुझा जॅक सटकला. तुला कळणार नाही असं गुपचूप जायचं नव्हतं मला. तोंडावर सांगून जायचं होतं. मी चालले. कळलं असेल, तर आवळ नट."