पाच खाटांची जपमाळ

“मी गेले की ही जपमाळ माझ्याबरोबर पुरू देऊ नकोस गं, शेजारच्या खाटेला दे,” एउलालियाआजींनी सांगितलं होतं. शिकागोच्या त्या दीर्घ उपचारांच्या रुग्णालयात परिचारिका पेर्लाने ते तंतोतंत पाळलं. आजी धरून एकामागून एक पाच जणांनी ती माळ ओठांना लावली. पाचही जण गेले.

“पाचही जणांत तोच जंतू, कुठल्याच औषधाला न जुमानणारा,” संसर्ग कुठून पसरतोय ते तपासायला आलेली डेबरा वैतागली. “डॉक्टर वेगळे, नळ्या वेगळ्या. मग सगळ्यांचा हात लागला तरी कशाला, बाई?”

पेर्लाने खिशातली माळ तिच्यापुढे ठेवली आणि नवे हातमोजे चढवले. सहाव्या खाटेवरच्या ओर्तेगाकाकांना तिने आज सोबत जप करायचा शब्द दिला होता. माळेऐवजी बोटांवर मोजू, असं मनाशी म्हणत ती निघाली. काका तळहात पसरून वाट पाहत होते.