नदी कुठल्या हाताला?

अमेरिकेतल्या शुगर लँड गावच्या एका गल्लीत राहणाऱ्या ऐंशी ओलांडलेल्या हिल्डाआजींना आताशा काही आठवेनासं झालं होतं. रोज दुपारी त्या पर्स घेऊन घरी निघायच्या, जर्मनीतल्या आपल्या छोट्याशा गावी. मुलगी कॅरन परोपरीनं समजवायची, "मॉम, हेच तुझं घर!" मग दोघी रडायच्या.

एके दिवशी शेजारच्या सुमित्राकाकू पुढे झाल्या. साताऱ्याला त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात नदी कुठल्या हाताला?"

"डाव्या!" आजी खुलल्या. दोघी चालू लागल्या. नदीवरचा पूल युद्धात उडवला होता, तो गावानं पुन्हा बांधला. पलीकडे चर्च, मग पिठाची गिरणी, मग घर. आजी सांगत होत्या आणि काकू हात धरून त्यांना वळवत होत्या. गल्लीला वळसा घालून दोघी कॅरनच्याच दारात आल्या.

आजी थबकल्या. "उशीर झाला. आई रागावेल."

दाराआड कॅरननं ते ऐकलं. तिनं दार उघडलं, क्षणभर आईकडे पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

"नाही रागावले गं. ये बाळा, आत ये."